खिशातील चाकू : एकापेक्षा दोन बरे

शेतकऱ्याच्या खिशातील घडीचा चाकू सकाळी पोत्याची सुतळी कापतो आणि दुपारी त्याच पात्याने मोसंबीचा डोळा काढला जातो. चाकू घेताना मात्र पात्यांची संख्या व मुठीची चकाकी पाहिली जाते. ही निवड योग्य नव्हे. अनेक पात्यांच्या एका चाकूपेक्षा एकेका पात्याचे दोन साधे चाकू अधिक हितावह होत.

रोजच्या चाकूचे पाते ६ ते ७ सेंटीमीटर लांबीचे पुरे. ते उघडल्यावर खटक्याने पक्के बसावे. जोर देताना मिटणारे पाते बोटांवर येते. मूठ ओल्या हातातून निसटणारी नसावी. साध्या पोलादास लवकर धार येते, पण ते गंजते. पाणथळीत वावरणाऱ्याने न गंजणारे पोलाद घ्यावे.

दुसरा चाकू केवळ कलमासाठी राखावा. बोथट पात्याने साल ठेचते व डोळा जगत नाही. शिवाय लिंबूवर्गीय झाडांचा एक्सोकॉर्टिस रोग पात्याला लागलेल्या रसातून एका झाडातून दुसऱ्यात जातो. त्याने रंगपूर लिंबाच्या खुंटाची साल सुटते, झाड खुजे राहते आणि त्यावर औषध नाही. पाते स्पिरिटने पुसणे वा ज्योतीवर धरणे येथे पुरेसे नाही. प्रत्येक मातृवृक्षानंतर ते सोडियम हायपोक्लोराइटच्या १ टक्का द्रावणात बुडवावे व स्वच्छ पाण्याने धुवावे. काम संपल्यावर पाते कोरडे करून तेलाचा हात द्यावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्याने हे केवळ सांगू नये. स्वतःच्या चाकूने करून दाखवावे.