इटली ‘झाली’ म्हणणाऱ्यांसाठी

आपल्याकडे प्रवास ‘होतो’. युरोप झाला, दुबई झाली, आता जपान तेवढं राहिलंय. पंगतीत वरण झालं, भात झाला, आता जिलबी येऊ दे म्हणावं, तसं. मी जन्मभर मुलांना मराठी शिकवलं, त्यामुळे क्रियापदांकडे जरा जास्तच लक्ष जातं. ‘पाहिलं’ आणि ‘झालं’ यांत फरक आहे, आणि तो न कळणं हा नुसता भाषेचा दोष नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

निमित्त असं, की गेल्या मे महिन्यात मी लेकीबरोबर इटलीतल्या सान्सेपोल्क्रो नावाच्या गावी तीन दिवस राहून आले. परतल्यावर भाच्याने हिशेब मांडला. “मामी, तीन दिवस? एका चित्रासाठी? तेवढ्यात पिसा आणि मिलान दोन्ही झालं असतं!” तो एकटा असं म्हणाला असता तर सोडून दिलं असतं. पण सगळे नातेवाईक हेच म्हणताहेत, म्हणून सगळ्यांना एकदमच उत्तर देते.

हे गाव तस्कनी प्रांताच्या पूर्व टोकाला, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात आहे. पंधरा-सोळा हजार वस्तीचं, जुन्या तटबंदीचं. अरेत्सोपर्यंत आगगाडी, पुढे बस. गावाच्या नावाचा अर्थच ‘पवित्र थडगं’. पंधराव्या शतकातला थोर चित्रकार पिएरो देल्ला फ्रान्चेस्का इथलाच. इथे जन्मला आणि १२ ऑक्टोबर १४९२ला इथेच गेला. (त्याच दिवशी कोलंबसाला नवी भूमी दिसली. शाळेत मुलांना सांगायला काय छान जोडी होती!)

त्याचं ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र इथल्या संग्रहालयात आहे. थडग्याच्या कडेवर एक पाय ठेवून ख्रिस्त उभा आहे, हातात ध्वज. खाली चार शिपाई गाढ झोपलेत. त्यातला एक म्हणजे स्वतः पिएरोच, असं परंपरेने मानतात. मागे एका बाजूची झाडं निष्पर्ण, दुसऱ्या बाजूची पालवलेली. आता महत्त्वाचं ऐका. हे चित्र चर्चसाठी काढलेलंच नाही. ही इमारत तेव्हा गावाच्या कारभाराची होती आणि चित्र तिच्या सभागृहाच्या भिंतीवर काढलं. म्हणजे गावाच्या नावातलं थडगं, त्यातून उठलेला देव, आणि त्याच्या नजरेसमोर बसून गावचा कारभार करणारी माणसं! हे सगळं त्या गावात, त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर कळतं. मोठ्या शहरातल्या दालनात, दोनशे चित्रांच्या रांगेत, ते नुसतं ‘एक सुंदर चित्र’ झालं असतं.

एका चित्राचं मोल काय, हे विचारणाऱ्यांना १९४४ची गोष्ट सांगते. अँथनी क्लार्क नावाच्या ब्रिटिश तोफखान्यातल्या अधिकाऱ्याला या गावावर मारा करण्याचा हुकूम होता. मारा सुरू झाला आणि त्याला आठवलं, की या गावाबद्दल आपण कुठेतरी वाचलंय. आल्डस हक्सलीचा तो लेख १९२५च्या पुस्तकात आला होता. जगात याहून श्रेष्ठ चित्र नाही, असं त्यात ठासून म्हटलं होतं. क्लार्कने तोफा थांबवल्या. जर्मन सैन्य आधीच निघून गेलं होतं, चित्र वाचलं. आज गावात त्याच्या नावाचा रस्ता आहे. त्याने तोवर ते चित्र पाहिलंही नव्हतं हो! एका निबंधाने एवढं काम केलं. आणि आपण म्हणतो, एका चित्रासाठी कशाला?

आता समोरच्या बाजूचं बोलू. “आयुष्यात एकदाच जाणं होतं, पैसे मोजून ठेवलेले असतात, मग प्रसिद्ध तेच बघायला नको का?” मुद्दा खोटा नाही. मीही निवृत्तिवेतनावरच जगते. पण २०११ साली मी एका कंपनीच्या सहलीतून इटलीला गेले होते. फ्लॉरेन्सला एक दुपार. उफिझी संग्रहालय बाहेरून दाखवलं, “पंधरा मिनिटं, फोटो काढून घ्या” म्हणाले, आणि मग चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात तासभर! त्या दुपारचे पैसेही माझेच होते. तेव्हा काटकसरीचा मुद्दा मला सांगू नये. आणि गर्दीचं म्हणाल, तर व्हेनिसने २०२४पासून ठराविक दिवशी नुसतं दिवसभरापुरतं येणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला सुरुवात केली. ते शहर आपल्याला हात जोडून सांगतंय, मग आपण कधी ऐकणार?

गंमत म्हणजे हिशेबाचा मोठा गुरूही याच गावचा. लुका पाचोली. १४९४ला व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने जमा आणि नावे अशी दुहेरी नोंदीची पद्धत मांडून दाखवली. आपले प्रवासी फक्त जमेची बाजू लिहितात: बारा दिवस, नऊ शहरं. बसमध्ये किती तास गेले, काय न बघता पुढे निघालो, हे नावे टाकायला नको का?

शेवटच्या दिवशी जवळच्या मोंतेर्की खेड्यात गेलो. पिएरोचंच ‘गरोदर मेरी’चं चित्र तिथे आहे. मूळचं एका छोट्या चर्चमधलं, आता जुन्या शाळेच्या इमारतीत ठेवलंय. सुखरूप बाळंतपणासाठी आसपासच्या बायका पिढ्यान् पिढ्या तिच्याकडे येत आल्या. गरोदर स्त्रियांना आजही तिकीट नाही. चित्र चर्चमधून हललं, हे मला थोडं खटकलं. पण गाव सोडून गेलं नाही, हे काय कमी आहे? शाळेच्या खोलीत ते पाहताना मला, का कोण जाणे, फार बरं वाटलं.

तर मंडळी, फ्लॉरेन्सला जाऊ नका असं मी म्हणत नाही. जरूर जा. पण नऊ शहरांतली दोन कमी करा आणि एका गावात तीन दिवस राहा. सकाळी बाजारात जा, तेच चित्र दोनदा बघा. आणि भाच्या, पिसाचा मनोरा माझा राहिला तो राहिलाच. तू बघशील तेव्हा कसा आहे ते सांग. ‘झाला’ एवढंच सांगू नकोस म्हणजे मिळवली.