टिकाऊ माल आणि आपली दुकानदारी

हल्ली बाजारात फक्त स्वस्ताई चालते, अशी आमच्या व्यापारी बांधवांची नेहमीची तक्रार असते. गिऱ्हाईक दुकानात शिरताच भाव विचारते. वस्तू किती वर्षे चालेल, हे विचारणारा एखादाच. तक्रार खरी आहे, पण ही सवय गिऱ्हाइकाला लावली कोणी? टिकाऊ माल मागच्या फळीवर आणि तकलादू माल दर्शनी, ही मांडणी काही गिऱ्हाइकाने केलेली नाही.

आपल्या पुण्यातच पाहा. कसबा पेठेत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळात कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. त्यांचे मठारकाम प्रसिद्ध आहे. भांड्यावर एकसारखे ठोके उमटलेले दिसतात ते केवळ शोभेसाठी नाहीत. ठोक्यांनी तांबे कडक होते, भांडे सहज चेपत नाही. असा बंब किंवा हंडा घरात एकदा आला की दोन-तीन पिढ्या वापरात राहत असे. विक्री वजनावर होई आणि भांडे फुटले, झिजले तरी त्याची मोड वजनावरच मिळे. अडीनडीला कितीतरी घरे या मोडीवर सावरली आहेत. प्लास्टिकची बादली तडकली की तिची मोड किती येते, हे सांगायला नको.

भांडे टिकाऊ होते म्हणून त्याच्या मागे दुसरा कारागीर जगत होता, तो म्हणजे कल्हईवाला. आंबट पदार्थ तांब्यात कळकतो, म्हणून आतून कथलाचा मुलामा हवा. कथील 232 अंशांना वितळते, त्यामुळे भाता, कोळसा, नवसागर आणि कापसाचा बोळा एवढ्या सामानावर दारात काम होई. आपल्या शादीच्या देगा आठवा. तांब्याची देग भाड्याने देणारा, तिला कल्हई करणारा आणि तीत बिर्याणी शिजवणारा भटारी, अशी तीन घरे एका भांड्यावर चालत. ॲल्युमिनियमच्या देगा आल्या, कल्हई लागेनाशी झाली आणि मधले घर बसले. कल्हईवाल्याच्या हातातला हुन्नर गेला नव्हता. ज्या वस्तूची तो सेवा करी तीच गेली. घड्याळवाले, रफूगार, चपला शिवणारे या सर्वांना हेच लागू आहे. फेकून देण्याजोग्या मालाला कारागीर लागत नाही.

आकुर्डीच्या कारखान्यातून 1972 साली निघालेल्या चेतक स्कूटरनेही हेच दाखवले. ती उघडता येई, समजे, दुरुस्त होई. नाना पेठेतील सुट्या भागांच्या दुकानांना आणि गल्लोगल्लीच्या मिस्त्रींना तिने वर्षानुवर्षे काम दिले. अर्थात जुने ते सगळे सोने, असे आम्ही म्हणत नाही. त्या गाड्यांचा धूर शहराने सोसला आहे आणि वीस वर्षांचा फ्रिज वीज किती खातो ते बिलात दिसते. वस्तू दुरुस्त करता येते की नाही, एवढेच आम्ही विचारतो.

वस्तू लवकर खराब होण्यात कारखानदाराचा फायदा असतो, हे गुपित राहिलेले नाही. 1924 साली जिनिव्हात बड्या बल्ब कंपन्यांनी संगनमत करून बल्बचे आयुष्य 1000 तासांवर आणून ठेवले होते. पण त्यात दुकानदाराचा फायदा काय? स्वस्त मालावर सुटणारी रक्कम तुटपुंजी, वर परतीचा माल आणि गिऱ्हाइकाची भांडणे. माल टिकला तर गिऱ्हाईक परत कशाला येईल, असे काही जण म्हणतात. ते सुटे भाग घ्यायला, दुरुस्तीला, मोड द्यायला येते आणि येताना शेजाऱ्याला घेऊन येते. बरकत म्हणतात ती याहून वेगळी काय असते?

खरी अडचण गरीब गिऱ्हाइकाची आहे. समजा 400 रुपयांची इस्त्री वर्षभर चालते आणि 1200 रुपयांची आठ वर्षे. आठ वर्षांत पहिलीवर 3200 रुपये जातात. हा हिशेब मजुराला कळत नाही असे नाही, पण 1200 रुपये त्याच्या हातात एकदम नसतात. म्हणून गरीबच महाग खरेदी करतो. ओळखीच्या गिऱ्हाइकाला चार हप्ते करून द्यावेत, व्याज लावू नये. वडिलांच्या काळात दुकानाच्या खातेवहीत हेच होत असे. हप्ते बुडण्याचा धोका आहे, तो आम्ही नाकारत नाही. म्हणूनच ओळखीचे गिऱ्हाईक म्हटले.

मालाचा दोष आधी सांगणे तर आपल्याला दीनानेच बंधनकारक आहे. ग्राहक पंचायतीची चळवळ 1974 साली बिंदुमाधव जोशी यांनी याच पुण्यात सुरू केली. आज 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. बिल न देणे ही त्यात अनुचित व्यापारी प्रथा ठरते आणि बिलात मुदत लिहिली नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घेण्यास नकार देता येत नाही. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने डिसेंबर 2022 मध्ये पोर्टलही सुरू केले. कच्च्या चिठ्ठीवर धंदा करणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

कारागिरांनाही एक सांगणे आहे. कल्हईच्या कथलात शिसे मिसळून पैसे वाचवणारे आढळतात. शिसे विष आहे, ते अन्नात उतरते. असे एक काम उघडकीस आले तर शंभर प्रामाणिक कल्हईवाल्यांची रोजी जाईल.

शादीखान्यांच्या कमिट्या दरवर्षी भांडी खरेदी करतात. यंदा त्यांनी निदान दोन देगा तांब्याच्या घ्याव्यात, जाड पत्र्याच्या, वजन करून, पक्क्या बिलावर. कल्हईचा खर्च देगेच्या भाड्यात धरावा आणि ते काम वर्षभरासाठी एकाच कल्हईवाल्याला बांधून द्यावे.