बेरजेच्या अलीकडचे रकाने

पहिल्या सत्राचे पेपर तपासून झाले की पुण्यातल्या शाळाशाळांच्या स्टाफरूममध्ये लॅपटॉप उघडतात. एक शिक्षिका गठ्ठ्यातून एकेक पेपर उचलून गुण वाचते, दुसरी ते टाकत जाते. ‘हजेरी क्रमांक सात, चौदा. आठ, गैरहजर.’ शेवटी बेरीज, तिच्या शेजारी टक्के आणि मग श्रेणी: ९१पासून पुढे अ-१, ८१ ते ९० अ-२, असं खालपर्यंत. निकालपत्रकाच्या उभ्या-आडव्या बेरजा जुळवताना ज्यांनी रात्री घालवल्या आहेत, त्यांना एक्सेलचं मोल वेगळं सांगायला नको. राज्यातल्या कितीतरी शिक्षकांनी अशा निकालपत्रकांच्या फायली स्वतः बसून तयार केल्या, त्यांत सूत्रं घातली आणि एकमेकांना फुकट वाटल्या. या कामाचं व्हावं तितकं कौतुक झालेलं नाही.

पण एवढी मेहनत करून आपण त्या फायलीतला सगळ्यात मुका रकाना वाचतो. तो म्हणजे बेरीज.

पाचवीचा गणिताचा वीस गुणांचा पेपर घ्या. दोन मुली, दोघींनाही १४, दोघींची श्रेणी ब-२. एकीने शाब्दिक उदाहरणं कोरी सोडली आहेत, बाकी सगळं बरोबर. दुसरीने शाब्दिक उदाहरणंही सोडवली, पण हातच्याची वजाबाकी आली की तिचं उत्तर हमखास चुकतं. ५०३ वजा २६७ बरोबर ३६४, असं तिने लिहिलंय. यायला हवं २३६. तिने केलंय काय, ते बारकाईने पाहा: पाचातून दोन गेले तीन, सहातून शून्य गेलं सहा, सातातून तीन गेले चार. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केलाय. ही मुलगी धांदरट नाही. तिने मनाशी एक नियम धरलाय आणि तो इमानेइतबारे पाळलाय. शतक मोडून दशकाचे दांडे तिच्या हातात दिले, तर नियम कुठे चुकतोय हे तिचं तिलाच दिसेल. पहिल्या मुलीला मात्र वाचून अर्थ लावण्याचा सराव हवाय, तोही बहुधा मराठीच्या तासाला. दोघींना एकच ‘१४’ देऊन आपण दोघींनाही घरी पाठवतो.

म्हणून माझा आग्रह असा, की सत्रातून निदान एका विषयाची एक चाचणी प्रश्नवार भरावी. एका ओळीत एक मूल, एका रकान्यात एक प्रश्न. बरोबरला १, चुकीला ०. रकान्याच्या डोक्यावर ‘प्र. ४’ एवढंच न लिहिता ‘हातच्याची वजाबाकी’, ‘अपूर्णांकांची तुलना’ असं लिहावं. चाळीस मुलं आणि वीस प्रश्न म्हणजे आठशे चौकटी होतात, हे मला ठाऊक आहे. शिक्षकांवर निवडणुकीपासून सर्वेक्षणापर्यंत किती कामं लादली जातात, तेही ठाऊक आहे. त्यावर एक सोपी युक्ती आहे: आधी सगळीकडे १ भरून घ्यायचा आणि पेपर चाळताना फक्त चुकांच्या जागी ० टाकायचा. जे मूल आलंच नाही त्याच्या ओळीत ‘गै’ लिहायचं, शून्य नाही. सरासरी काढताना एक्सेल कोरी चौकट आणि अक्षरं सोडून देतं, शून्य मात्र धरतं. तापाने घरी झोपलेलं पोर उगाच वर्गाची सरासरी खाली ओढतं, ते यामुळे.

पुढची गंमत जपानच्या ताकाहिरो सातो यांनी १९७०च्या दशकात दाखवली. तेव्हा बहुतेक शाळांत संगणकही नव्हते. जास्त गुणांची मुलं वर, कमी गुणांची खाली. सोपे प्रश्न डावीकडे, अवघड उजवीकडे, अशी सगळी मांडणी लावायची. मग सगळे १ डाव्या-वरच्या कोपऱ्यात गोळा होतात आणि शून्यं उजव्या-खालच्या. जे या रांगेत बसत नाही, तिथे थांबायचं. हुशार मुलगा सोप्या प्रश्नाला अडखळला, तर त्याला जवळ बोलावून विचारायचं. वरची मुलं चुकली आणि खालची बरोबर आली, तर बहुधा प्रश्नच मोघम छापला गेलाय. आणि एखाद्या रकान्यात वरपासून खालपर्यंत शून्यंच असली, तर ती मुलांची नापासी नव्हे. तो धडा पुन्हा शिकवायचा आहे. (क्रम लावताना सगळा तक्ता एकत्र निवडा. एकच रकाना निवडून क्रम लावला तर एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जातात.)

वरून येणाऱ्या चाचण्याही कमी नाहीत. ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम जून २०१५चा. तेव्हापासून चाचण्या आणि ऑनलाइन नोंदी आपल्या अंगवळणी पडल्या. २०२३-२४ पासून ‘स्टार्स’ या शालेय शिक्षण प्रकल्पात नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. कुमठेकर रस्त्यावरच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून प्रश्नपत्रिका येतात आणि शिक्षक विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर गुण भरतात. राज्याला हे आकडे हवेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण उद्या सकाळी फळ्यासमोर उभं राहायचंय ते शिक्षिकेला. भरलेल्या माहितीचा प्रश्नवार तक्ता तिच्या हातात असायलाच हवा, पेपरची शाई वाळायच्या आत.

आता वाटपाबद्दल, आणि इथे मी ठाम आहे. वर्गाच्या निकालाचा फोटो पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं थांबलं पाहिजे. दहा वर्षांच्या मुलाला वीसपैकी तीन गुण मिळाले, हे सोसायटीतल्या चाळीस घरांना कळून कुणाचं भलं होतं? राज्य मंडळाने गुणवत्ता यादी जाहीर करणं कधीच सोडलं. दहावीचा निकालसुद्धा बैठक क्रमांक आणि आईचं नाव टाकल्याशिवाय उघडत नाही. मग पाचवीच्या घटक चाचणीचा का उघडावा? २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलंय आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातलीय. रकाने लपवून फाइल पाठवणं हाही उपाय नव्हे, लपवलेले रकाने कुणालाही दोन क्लिकमध्ये उघडता येतात. मेल मर्जने प्रत्येक मुलाची वेगळी चिठ्ठी अर्ध्या तासात निघते: काय येतं, काय अजून येत नाही, घरी काय करून घ्यावं. क्रमांक नको, वर्गाची सरासरीही नको.

पालकांनो, दिवाळीनंतरच्या सभेला जाल तेव्हा ‘आमच्या मुलाचा नंबर कितवा?’ हे विचारू नका. पेपर मागून घ्या, कुठले प्रश्न चुकले ते पाहा आणि ‘हे त्याला कसं समजावू?’ एवढंच बाईंना विचारा.