मोजलेले मृत्यू, न मोजलेले मृत्यू: अमेरिका आणि जव्हार-मोखाडा

वेदना शमविणारे औषधच मृत्यूचे कारण ठरू लागते, तेव्हा समाजाला स्वतःची झाडाझडती घ्यावी लागते. अमेरिकेवर ती वेळ आली. १९९९ ते २०२२ या काळात अफूजन्य द्रव्यांच्या अतिसेवनाने त्या देशात सुमारे ७ लाख २७ हजार माणसे दगावली. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्राच्या या शोकांतिकेचा जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपाड्यांशी काय संबंध, असे वाचक विचारतील. आमच्या मते संबंध आहे आणि तो अंतर्मुख करणारा आहे.

अमेरिकेचे अफूशी असलेले नाते जुने आहे. १९ व्या शतकात बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी तुर्कस्तानची अफू चीनमध्ये विकून संपत्ती जोडली. त्याच बाजारात आपल्या मुंबई बंदरातून माळव्याची अफू जात होती. तेव्हा या पापात आपलेही हात स्वच्छ नव्हते. १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात जखमी सैनिकांना अफू व मॉर्फिन सढळपणे दिले गेले. १९१४ साली हॅरिसन कायद्याने या द्रव्यांवर निर्बंध आले. तरीही १९९६ मध्ये पर्ड्यू फार्मा या कंपनीने ‘ऑक्सिकॉन्टिन’ ही वेदनाशामक गोळी बाजारात आणली आणि तिचे व्यसन लागण्याचा धोका कमी असल्याचा प्रचार केला. ही दिशाभूल असल्याची कबुली न्यायालयात मिळण्यास २००७ साल उजाडले. तोवर असंख्य रुग्ण गोळीकडून हेरॉइनकडे वळले होते. पुढे फेंटानिल आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये तेथील सरकारने सार्वजनिक आरोग्याची आणीबाणी जाहीर केली.

या काळ्या इतिहासात एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. त्या देशाने आपले मृत मोजले. कोणत्या द्रव्याने, कोणत्या परगण्यात, किती जण गेले याची नोंद झाली. त्या नोंदींच्या आधारे राज्ये न्यायालयात गेली, कंपन्यांना दंड भरावा लागला, अतिसेवनावरील नॅलोक्सोन हे औषध २०२३ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळू लागले. सर्व अमली पदार्थांच्या अतिसेवनाने होणारे मृत्यू २०२२ मध्ये सुमारे १ लाख ८ हजार होते. २०२४ मध्ये ते अंदाजे ८० हजारांवर आले. आकडा अजूनही भयंकर आहे, परंतु तो उतरू शकतो हे सिद्ध झाले.

आता आपल्या डोंगराकडे वळू. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी परिसरात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने व आजाराने दगावली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. तरीही २०१६ मध्ये मोखाड्यातील बालमृत्यूंनी पुन्हा वर्तमानपत्रांचे रकाने भरले. बातमी आली की मंत्र्यांचे दौरे होतात, योजना जाहीर होतात. बातमी विरली की पाडा पुन्हा अंधारात जातो.

बालमृत्यूंची निदान बातमी तरी होते. व्यसनाने जाणाऱ्या प्रौढाची तीही होत नाही. येथे व्यसनाचे नाव बहुधा गोळी नसून हातभट्टीची दारू असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर वा रेतीच्या कामावर गेलेला आदिवासी बांधव खंगून परततो आणि मरतो, तेव्हा त्याच्या मृत्यूचे खरे कारण कोण लिहितो? २०२० साली देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंचे कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. दुर्गम पाड्यावर डॉक्टर पोहोचत नाही. प्रमाणपत्र कोठून पोहोचणार? ज्या मृत्यूला कारण नाही, त्याला जबाबदार कोणीच नाही.

दोष परक्यांना देऊनही चालणार नाही. मुंबईतील एका कंपनीच्या टॅपेंटाडॉल व कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्र गोळ्या घाना, नायजेरिया आदी देशांत नशेसाठी विकल्या जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये बीबीसीने उघडकीस आणले. त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनाची व निर्यातीची परवानगी काढून घेतली. माळव्याच्या अफूचा व्यापार संपला. वृत्ती संपली नाही.

मॉर्फिन हे मुळात पाप नव्हे, हेही येथे सांगितले पाहिजे. कर्करोगाने तळमळणाऱ्या रुग्णाला ते वरदानच आहे आणि ते सुलभ व्हावे म्हणून २०१४ साली आपल्या अमली पदार्थ कायद्यात दुरुस्ती झाली. पाप आहे ते माणसाच्या वेदनेचा बाजार मांडण्यात.

पोप फ्रान्सिस यांनी २६ जून २०२४ रोजी अमली पदार्थांच्या वापराला मोकळीक दिल्याने व्यसन घटत नाही, असे बजावले होते. व्यसनाधीन व्यक्तीला तिच्या प्रतिष्ठेसह स्वीकारावे, असाही त्यांचा आग्रह होता. ही शिकवण आपण स्वतःला लावून पाहणार आहोत काय? आपल्याच लग्नसमारंभांत दारूला मानाचे पान असते. जो समाज मांडवात बाटली मिरवतो, त्याने पाड्यावरील मद्यप्याला उपदेश करण्यापूर्वी थोडे थांबावे.

जव्हार आणि मोखाडा हे तालुके १९९८ साली स्थापन झालेल्या आपल्या वसई धर्मप्रांताच्या सीमेतच येतात. तेथे कार्य करणाऱ्या धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी व कार्यकर्त्यांनी आशा सेविकांच्या साहाय्याने प्रत्येक मृत्यूमागील कारण कुटुंबीयांकडून आस्थेने जाणून घ्यावे आणि ते ग्रामसभेपुढे व आरोग्य अधिकाऱ्यांपुढे मांडावे. व्यसनमुक्तीचे उपचार तालुक्याच्या ठिकाणीच मिळावेत, अशी मागणी त्या नोंदींच्या बळावर करता येईल. काइनाला देवाने त्याच्या भावाविषयी विचारले होते. तोच प्रश्न आज आपल्याला विचारला जात आहे. निदान तो भाऊ कशाने गेला, एवढे तरी आपल्याला सांगता यावे.