भोंगा वाजला की आधी धार बघावी
सुदुंबरे येथे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची 5वी बटालियन आहे. 2019च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात या दलाच्या बोटी अहोरात्र फिरल्या. अशा बोटीच्या आउटबोर्ड मोटरचा भोंगा वाजतो तो बहुधा इंजिन तापल्याने किंवा ऑइल कमी झाल्याने. वेग उतरवून आधी मोटरच्या मागे पडणारी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बघावी. करंगळीएवढी धार जोरात पडत असेल तर ऑइल तपासावे. धार तुटत असेल तर इंजिन तत्काळ बंद करून मोटर वर उचलावी. पुराच्या पाण्यात मोटर पाणी ओढते त्या जाळीला प्लास्टिकची पिशवी किंवा जलपर्णी हमखास चिकटते. जाळी साफ, धारेच्या भोकात तारही घालून झाली, तरी पाणी नाही, तर दोष बहुधा पाणी खेचणाऱ्या रबरी इम्पेलरचा: गाळाने त्याची पाती झिजतात, कोरडी मोटर फिरवली तर जळतात. भोंग्याची वायर तोडणे हा अपराधच. इम्पेलर पावसाळ्याआधीच बदलावा.