मृत भाषेचा जिवंत उत्सव

लॅटिन ही मृत भाषा आहे असे एकदा ठरवून टाकले, की तिच्यावरील प्रत्येक खर्च उधळपट्टी वाटू लागतो. इंग्लंडमध्ये नेमके हेच घडले. तेथे खासगी शाळांपैकी ४९ टक्के शाळांत लॅटिन शिकविली जात असताना सरकारी शाळांत हे प्रमाण ३ टक्क्यांहूनही कमी होते. ही दरी बुजविण्यासाठी शासनाने २०२१ मध्ये ४० लाख पौंडांची योजना जाहीर केली व ४० शाळांत ती सुरू झाली. डिसेंबर २०२४ मध्ये नव्या शासनाने ती ऐन शैक्षणिक वर्षात गुंडाळण्याचे ठरविले.

महिना तरी कोणता निवडला! १७ डिसेंबर हा प्राचीन रोमच्या सॅटर्नालिया उत्सवाचा दिवस. सॅटर्न हा कृषिदेव. शनी ग्रहाला युरोपात त्याचेच नाव आहे. त्याच्या सुवर्णयुगात धनी आणि दास हा भेदच नव्हता, अशी रोमनांची श्रद्धा. म्हणून या दिवसांत शाळा बंद राहत, मेणबत्त्या व मातीच्या लहान मूर्ती भेट दिल्या जात आणि धनी दासांच्या पंगतीला बसत. प्रसंगी त्यांना वाढतही. समतेच्या या उत्सवाच्या महिन्यातच सामान्यांच्या मुलांपुढील पान काढून घेण्यात आले!

ब्रिटन-अमेरिकेतील अनेक शाळांत लॅटिनचे विद्यार्थी आजही हा उत्सव साजरा करतात. 'हा खेळ झाला, अभ्यास नव्हे,' असे नाक मुरडणारे तेथेही आहेत. परंतु मेणबत्ती कोणाला दिली हे लॅटिनमध्ये सांगताना चतुर्थी विभक्ती आपसूक जिभेवर बसते, हे त्यांना कोण सांगणार? शिक्षकाने विद्यार्थ्याला वाढले, की उरलेले वर्षभर त्या दासांचे काय होत असे, हा प्रश्नही वर्गात उभा राहतो. रोमचे वैभव आणि रोमचे पाप, दोन्ही एकाच पंगतीत उमगतात. कोणते पाठ्यपुस्तक हे साधेल?

भाषा मरते ती बोलणारे संपल्याने नव्हे, तर तिच्यातील जीवन शिकविणे थांबल्याने. संस्कृतकडे केवळ गुण मिळवून देणारा विषय म्हणून पाहणाऱ्या महाराष्ट्रातील पालकांनी व शाळांनीही हे ध्यानी घ्यावे. रूपे पाठ करवून परीक्षा जिंकता येते. परंपरा जिंकता येत नाही!