सांधा निसटला की कळतं!

आधीच सांगतो, दहावीपर्यंत कॉन्व्हेंटमध्ये शिकलोय, त्यामुळे शुद्धलेखनाची चूकभूल द्यावी घ्यावी. पण चूक माझी होती आणि बोलणीही मराठीतच खाल्ली, म्हणून मराठीतच लिहितोय.

मामाच्या टर्बो डिझेल गाडीत इंटरकूलरच्या पाइपाला जोडणारा रबरी होज तेलाने फुगला होता. "मामा, तू काळजी करू नकोस, मी बघतो," असं ऐटीत सांगून मी चकचकीत निळा सिलिकॉन कपलर आणला. पाइपाचं बाहेरचं माप ६० मिमी, दुकानात होता ६३ चा. ३ मिमीने काय होतंय? क्लॅम्प आवळला की बसेल! बसलाही. घरासमोर इंजिन चालू करून पाहिलं, एकदम ओके. अर्थात, आयडलिंगला बूस्ट असतोच कुठे?

चार दिवसांनी साखरप्याहून आंबा घाट चढताना 'फट्ट' आवाज झाला. पिकअप गेला, मागे काळा धूर. गाडीत मामी आणि तिची चार वर्षांची छकुली, मागे एसटीचा हॉर्न. मामी म्हणाली, "काय भाचेबुवा, हेच शिकवतात का तुमच्या कॉलेजात?"

खरं तर शिकवतात हो! बल म्हणजे दाब गुणिले क्षेत्रफळ. ६० मिमी व्यासावर १ बार बूस्ट म्हणजे सुमारे २८३ न्यूटन, म्हणजे जवळजवळ २९ किलो. तांदळाच्या २५ किलोच्या पोत्याहून जास्त जोर तो सांधा सुटा करायला बघतो. व्हायव्हात फॉर्म्युले घडाघडा म्हणणाऱ्या मला हे गणित दुकानात आठवलं नाही.

माझं म्हणणं एवढंच की, आपण इंटरकूलर मोठा करतो, ईसीयू रीमॅप करतो आणि पैसे वाचवतो ते कपलर-क्लॅम्पवर. मग पॉवर का येत नाही म्हणून भलतीकडेच शोधत बसतो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

कपलर रंगावर घेऊ नका. त्याचं आतलं माप आणि पाइपाचं बाहेरचं माप एकच हवं. ढिला कपलर आवळला की सुरकुती पडते आणि हवा तिथूनच निघते. आत कापडाचे किती थर आहेत ते विचारा. इंजिन हलतं, बॉडीवरचा इंटरकूलर हलत नाही, म्हणून त्या दोघांमध्ये फुगवट्याचा, म्हणजे हंप कपलर बरा. साध्या सिलिकॉनमधून तेल झिरपतं. ब्रीदरमधून तेल येत असेल तर आतून फ्लुओरोसिलिकॉनचं अस्तर असलेला घ्या. खाचांची पट्टी असलेला साधा क्लॅम्प मऊ सिलिकॉन कापतो, सपाट पट्टीचा टी-बोल्ट क्लॅम्प सारखा दाबतो. पाइपाच्या टोकाला उंच कडा हवी आणि क्लॅम्प तिच्या मागे. बसवण्याआधी दोन्हीकडचं तेल कोरडं पुसा.

त्या दिवशी कपलर कसाबसा चढवून, अ‍ॅक्सिलरेटरवर अलगद पाय ठेवत मलकापूर गाठलं. कोणाला काही झालं नाही. पण दुकानदाराने नाही, गॅरेजवाल्याने नाही, होणाऱ्या इंजिनिअरने गाडी घाटात उभी केली, हे अजून टोचतं. मामाने नंतर ६० चाच कपलर आणला. बसवायला मात्र मलाच बोलावलं. या वेळी मी आधी व्हर्नियर काढला.